गिरणगावातील कामाचे तास आणि घरसंसार (१८५४ ते १९४८) : नोकरी व जीवन यांच्या समतोलाची ऐतिहासिक मीमांसा

प्रस्तावना

नोकरी आणि खासगी जीवन यांच्यातील समतोल हा विषय गेल्या दोन-तीन दशकांत व्यवस्थापनशास्त्र, मानसशास्त्र आणि मनुष्यबळ विकास या ज्ञानशाखांत स्थिरावला आहे. 'वर्क-लाइफ बॅलन्स' हा शब्दप्रयोग आता मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतूनही सर्रास आढळतो. या विषयावरील बहुतांश लेखन वेळेचे नियोजन, कामांचा प्राधान्यक्रम, योगासने, ध्यानधारणा आणि योग्य वेळी नकार देण्याची सवय अशा व्यक्तिगत उपायांवर भर देते. समतोल ढासळला तर तो व्यक्तीच्या नियोजनातील दोष होय, असे गृहीत या लेखनामागे असते.

इतिहासाच्या कसोटीवर हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे. आज नोकरदार वर्गाला स्वाभाविक वाटणारी रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती, आठ तासांची पाळी, भरपगारी रजा आणि बाळंतपणाची रजा या सर्व गोष्टींना त्यांचा स्वतंत्र इतिहास आहे. त्यांपैकी एकही गोष्ट एखाद्या कामगाराने आपल्या वेळेचा उत्तम मेळ घातला म्हणून मिळालेली नाही. निवेदने, सभा, संप आणि कायदे या मार्गांनी त्या मिळाल्या आणि त्यासाठी सुमारे सात दशके खर्ची पडली. महाराष्ट्रापुरता विचार केल्यास हा इतिहास प्रामुख्याने मुंबईच्या गिरणगावात घडला. म्हणूनच प्रस्तुत शोधनिबंधात गिरणी कामगारांच्या कामाचे तास व त्यांचा घरसंसार यांच्यातील संबंधांचा आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामाच्या वेळेवर मर्यादा कशी आली, याचा कालक्रमाने मागोवा घेणे.
२) गिरणीतील वेळेचा कामगारांच्या, विशेषतः स्त्री कामगारांच्या, कौटुंबिक जीवनावर झालेला परिणाम अभ्यासणे.
३) या इतिहासाच्या आधारे आजच्या कार्यालयीन जीवनातील समतोलाच्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी शोधणे.

अभ्यासाची व्याप्ती १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीचा पाया घातल्यापासून १९४८ च्या कारखाने अधिनियमापर्यंत मर्यादित ठेवली आहे. उत्तरार्धात आवश्यक तेथे नंतरच्या घडामोडींचा उल्लेख केला आहे.

सूर्य, भोंगा आणि खाडा

दावर यांची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढील तीन-चार दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. त्यांत कामाला आलेला माणूस मुख्यतः कोकणातील व घाटावरील शेतकरी होता. शेतीत कष्ट कमी नव्हते. परंतु त्या कष्टांना ऋतूंची लय होती. पेरणी-कापणीची धावपळ असे, तशी उन्हाळ्याची उसंतही असे. सणवार, जत्रा, लग्नसराई आणि आजारपण यांना कामाच्या वेळापत्रकात जागा असे. गिरणीने ही लय मोडली. बाष्पयंत्र सुरू झाले की ते बंद होईपर्यंत साच्यापुढून हलता येत नसे.

आरंभीच्या काळात गिरणीचा दिवस सूर्यावर चालत असे. साचा दिसू लागला की काम सुरू आणि दिसेनासा झाला की बंद. मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. त्यामुळे कामगाराच्या दिवसाची लांबी ऋतूनुसार बदले, पण तिच्यावर माणसाने घातलेली कोणतीही मर्यादा नव्हती. घरात घड्याळ नसल्याने पहाटेचा भोंगा हेच कामगाराचे घड्याळ झाले. उशीर झाला तर दंड आणि गैरहजर राहिल्यास 'खाडा' मांडून पगार कापला जाई. आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. यंत्रे बंद असलेल्या दिवशीही त्यांच्या साफसफाईसाठी कामगारांना बोलावले जाई. पगार महिना उलटून गेल्यावर, बऱ्याच विलंबाने होई. त्यामुळे नोकरी सोडणे वा गावी जाणे म्हणजे अडकून पडलेल्या पगारावर पाणी सोडण्याचा धोका पत्करणे होते.

पहिला कायदा आणि १८८४ चे निवेदन

गिरण्यांतील स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १८७५ मध्ये पहिला आयोग नेमला. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कारखान्यांवरील नियंत्रणासाठी विधेयकाचा मसुदा तयार केला. अखेर १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा संमत झाला. या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांचे काम नऊ तासांपुरते मर्यादित केले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांबाबत मात्र कायदा मौन बाळगून होता.

या कायद्याच्या मागणीमागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचे हितसंबंध होते, हे नाकारता येत नाही. मुंबईतील स्वस्त श्रमाची स्पर्धा त्यांना नको होती. त्यामुळे भारतीय गिरणीमालकांबरोबरच राष्ट्रवादी विचारांच्या वृत्तपत्रांनीही कारखाना कायद्यास विरोध केला. देशी उद्योगाचे हित आणि देशी कामगाराचे हित या दोन गोष्टी एकच आहेत असे मानले गेले. या वादात प्रत्यक्ष कामगाराचा आवाज नव्हता.

तो आवाज नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिला. सत्यशोधक विचारांच्या लोखंडे यांनी रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केल्यानंतर गिरणीत भांडारपालाचे काम केले होते. गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' या पत्राची धुरा सांभाळली. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने परळ भागात कामगारांच्या सभा झाल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्या वर्षीच्या कारखाना आयोगापुढे ठेवण्यात आले. त्यातील मागण्या अशा होत्या : रविवारी संपूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा दिवस, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन.

या मागण्यांचे स्वरूप विचारात घेण्यासारखे आहे. पगारवाढीची मागणी त्यांत नाही. पाच मागण्यांपैकी पहिल्या तीन थेट वेळेविषयी आहेत. पगाराच्या तारखेची चौथी मागणीही एका अर्थाने वेळेचीच होय, कारण पगाराची तारीख निश्चित असल्याखेरीज घरखर्चाचा मेळ बसत नाही. पाचवी मागणी, काम करताना शरीराची झालेली हानी घराने एकट्याने सोसू नये, असे सांगते. नोकरी व जीवन यांच्या समतोलाचा महाराष्ट्रातील पहिला लेखी जाहीरनामा म्हणून या निवेदनाकडे पाहता येईल.

रविवारची सुट्टी

मागण्या मान्य होण्यास आणखी सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथील मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, ही बाब तत्कालीन सामाजिक परिस्थितीत असाधारण होती. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने आठवड्याला एक दिवस सुट्टी देण्याचे मान्य केले. १८९१ च्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास काम बंद ठेवणे बंधनकारक केले. स्त्रियांच्या कामावर अकरा तासांची मर्यादा आली आणि मुलांच्या कामाचे किमान वय नऊ वर्षे झाले.

रविवार हा महाराष्ट्रातील बहुजन समाजाच्या श्रद्धेत खंडोबाचा वार. त्यामुळे साहेबाच्या प्रार्थनेचा दिवस कामगारांच्या मनात परका राहिला नाही. मात्र या सुट्टीचे खरे महत्त्व तिच्या सामूहिक स्वरूपात होते. एकट्याने खाडा करून मिळवलेल्या दिवसाची किंमत पगारातून चुकवावी लागे, शिवाय त्या दिवशी शेजारी, नातलग, गाववाले कामावरच असत. सर्वांना एकाच दिवशी मिळालेल्या सुट्टीत भजनाची बैठक बसू शकत होती, लग्नाची बोलणी होऊ शकत होती, गावकीची सभा भरू शकत होती. मोकळा वेळ समाजाच्या उपयोगी पडायचा असेल तर तो सर्वांना एकदम मिळावा लागतो, हे रविवारने सिद्ध केले. लोखंडे यांचे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत निधन झाले; त्यांनी मिळवलेली सुट्टी मात्र पुढे सर्व नोकरदारांची झाली.

विजेचा दिवा

१८८४ च्या निवेदनात सूर्यास्त ही कामाची नैसर्गिक सीमा मानली होती. ही सीमा फार काळ टिकली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा अर्थच संपला. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी आली, तेव्हा दिवे लागलेल्या गिरण्यांत कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत व काही ठिकाणी त्याहूनही लांबला. कामगारांत असंतोष पसरला. १९०६ ची समिती आणि त्यापाठोपाठ १९०७-०८ चा कारखाना कामगार आयोग नेमला गेला. प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालण्यास आयोगाच्या बहुमताचा विरोध होता. आयोगाचे एक सदस्य डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून अशा मर्यादेचा आग्रह धरला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. म्हणजेच पहिल्या कायद्यानंतर प्रौढ पुरुषाच्या दिवसाला कायदेशीर शेवट मिळण्यास तीस वर्षे लागली.

यापुढील टप्पे असे आहेत. जानेवारी १९२० च्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने भारतासाठी आठवड्याला साठ तासांची वेगळी मर्यादा सुचवली होती. तदनुसार १९२२ च्या कायद्याने दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तास ठरवले. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ही मर्यादा दहा व चोपन्न तासांवर आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ मध्ये वार्षिक भरपगारी रजेची तरतूद झाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ती कायम केली.

या क्रमातून एक सूत्र हाती लागते. तंत्रज्ञानाने निसर्गाची सीमा पुसली की ती कायद्याने नव्याने आखावी लागली. या दोन घटनांमधील काळ कामगाराने आपल्या झोपेतून, आरोग्यातून आणि संसारातून भरून काढला.

घराची बाजू : खोली, खानावळ आणि कोकण

कामाच्या तासांचा हिशेब गिरणीच्या दारापाशी संपतो. जीवनाचा हिशेब तेथून सुरू होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील बहुसंख्य कामगार एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत. अनेकांना तेवढेही परवडत नसे. एका गावचे वीस-पंचवीस पुरुष मिळून गावकीची खोली घेत. पाळ्यांची पद्धत रूढ झाल्यावर सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते मध्यरात्र आणि मध्यरात्र ते सकाळी सात अशा तीन पाळ्यांनी खोलीतील झोपही वाटून घेतली. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरली जाई. पाळी ही कामाची संज्ञा होती. ती झोपेचीही झाली.

या पुरुषांचे जेवण खानावळीत होई. खानावळ चालवणारी स्त्री बहुधा गिरणी कामगाराचीच पत्नी वा विधवा असे. पहाटेच्या पाळीआधी डबे, मध्यरात्री सुटणाऱ्यांसाठी ताटे आणि मधल्या वेळात बाजारहाट असा तिचा दिवस असे. तिच्या कामाला ना भोंगा होता, ना सुट्टी, ना कायदा. रविवारी गिरणी बंद असली तरी जेवणारी तोंडे खोलीतच असत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले, तेव्हा या स्त्रियांच्या श्रमाची व त्यांच्यावरील सावकारी कर्जाची संघटित दखल घेतली गेली. गिरण्या सुरू होऊन तोपर्यंत सव्वाशे वर्षे होत आली होती.

संसाराचा दुसरा भाग गावी होता. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य घरांत पुरुष मुंबईत व स्त्री शेतावर अशी विभागणी झाली. मनिऑर्डर हा या संसाराचा दुवा होता. शिमगा, गणपती आणि भातलावणी यांसाठी कामगार गावी जाई. गिरणीच्या दप्तरात या वारीची नोंद 'गैरहजेरी' अशी होई. मालकांच्या लेखी तो कामगाराचा बेशिस्तपणा होता. घराच्या बाजूने पाहता, ज्या व्यवस्थेने कुटुंबाला शहरात जागा दिली नाही त्या व्यवस्थेत संसार टिकवण्याचा तो एकमेव मार्ग होता. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी कामगाराच्या गावाशी असलेल्या नात्याकडे मागासलेपणाचे लक्षण म्हणून न पाहता, शहरातील अनिश्चिततेला तोंड देण्याचे साधन म्हणून पाहिले आहे, ते या संदर्भात महत्त्वाचे ठरते.

स्त्री कामगार : न मोजलेले तास

१९२० च्या दशकात गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. वाइंडिंग व रिळिंग खात्यांत, नायकिणींच्या देखरेखीखाली, त्या काम करीत. गिरणीत जाण्यापूर्वी पाणी भरणे, चूल पेटवणे, भाकरी थापणे आणि परतल्यावर पुन्हा तेच, असा त्यांचा दिवस होता. कायद्याने त्यांचे गिरणीतील तास मोजले. घरातील तास कोणीही मोजले नाहीत.

लहान मुलांचा प्रश्न यातूनच उभा राहिला. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२१-२२ मध्ये स्त्री कामगारांच्या स्थितीची पाहणी केली. आई कामावर असताना मूल झोपून राहावे म्हणून कामगार स्त्रियांच्या जवळजवळ सर्व तान्ह्या मुलांना अफू असलेल्या बाळगोळ्या दिल्या जात, असे त्यात आढळले. याला आईचे अज्ञान म्हणणे सोपे होते. तथापि एका खोलीचे बिऱ्हाड, दहा तासांचे काम आणि पाळणाघराचा अभाव या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे बाळगोळी हा नाइलाज होता हे कळते. समतोल साधण्याचा सर्व भार व्यक्तीवर टाकला की तो शेवटी कोणाच्या देहावर पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले प्रसूतिसाहाय्य विधेयक फेटाळले गेले. मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये तशाच विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, तसेच स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकास होत असल्याने त्यानेही त्यात वाटा घ्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिसाहाय्य कायदा झाला. भारतातील या प्रकारचा तो पहिला कायदा होय.

या कायद्याची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. खर्च मालकावर एकट्यावर पडल्याने विवाहित स्त्रियांना कामावर घेणे टाळण्याची प्रवृत्ती वाढली. त्यातच सुसूत्रीकरणाने रिळिंग-वाइंडिंगमधील जागा घटल्या आणि रात्रपाळीस स्त्रियांना असलेली मनाई कारणीभूत ठरली. स्वातंत्र्याच्या सुमारास गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय घटले होते. राधा कुमार यांच्या अभ्यासाने दाखवल्याप्रमाणे या काळात पुरुष कमावता आणि स्त्री गृहिणी ही कुटुंबाची प्रतिमा कामगार धोरणातही दृढ होत गेली. घरकाम स्त्रीचेच हे गृहीत न हलवता केलेले संरक्षण स्त्रीला कामावरूनच दूर करू शकते, हा या अनुभवाचा धडा आहे.

मिळालेल्या वेळेचे काय झाले?

कामगाराला अधिक वेळ दिल्यास तो दारूत व जुगारात घालवील, असा युक्तिवाद तास कमी करण्याच्या विरोधात वारंवार केला जाई. गिरणगावाचा सांस्कृतिक इतिहास याचे उत्तर देतो. चाळीचाळींतून भजनी मंडळे, आखाडे, लेझीम पथके आणि सार्वजनिक गणेशोत्सव उभे राहिले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा व वाचनालये चालवली. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला कामगार रात्री पाटी घेऊन बसला. कामगार रंगभूमीने स्वतःचे नाटककार व नट घडवले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. या पथकाच्या शाहिरीने पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मोठी कामगिरी बजावली. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या मौखिक इतिहासातून हे जग अभ्यासकांपुढे आणले आहे. कामाच्या तासांवर मर्यादा आली नसती तर मराठी संस्कृतीचे हे दालन उघडले असते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

इतिहास आणि वर्तमान

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचा ऱ्हास झाला. लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनीवर कार्यालयांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. जेथे भोंगा कामाचा आरंभ व शेवट जाहीर करीत असे, तेथे आता भोंगा नाही. कामाचा शेवटही कोणी जाहीर करीत नाही. विजेच्या दिव्याने सूर्यास्ताची सीमा पुसली. संगणक व भ्रमणध्वनी यांनी कार्यालयाच्या दाराची सीमा पुसली. २०२० च्या टाळेबंदीनंतर घर हेच कार्यालय झाले, तेव्हा ही प्रक्रिया पूर्णत्वास गेली.

या नव्या स्थितीत कायदा कोठे आहे? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातून व्यवस्थापकीय व पर्यवेक्षकीय पदांवरील व्यक्ती वगळल्या आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मुक्त राहण्याचा हक्क अमलात आला. २०१८ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत त्याच आशयाचे खासगी विधेयक मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. उलटपक्षी सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम असली, तरी दिवसाचा हिशेब १९११ च्या आकड्यापर्यंत परतला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटणार नाही.

अध्यापन क्षेत्रही याला अपवाद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला चाळीस तासांपेक्षा कमी असू नये असे म्हटले होते. ही किमान मर्यादा आहे. कमाल मर्यादेचा तेथे उल्लेख नाही. १९४८ चा कारखाने अधिनियम नेमका उलट बोलत होता : इतक्या तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. श्रमाची प्रतिष्ठा वाढली की त्यावरील मर्यादा अनावश्यक ठरते, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात रुजली आहे. तिची किंमत रात्री उशिरापर्यंत भरल्या जाणाऱ्या माहितीच्या तक्त्यांत आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या संदेशांत मोजली जाते.

घराची बाजूही फारशी बदललेली नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्यांमध्ये स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे त्यासाठी देतात. गिरणगावातील स्त्रीचे न मोजलेले तास आता मोजले गेले. वाटले मात्र गेले नाहीत.

निष्कर्ष

१) नोकरी व जीवन यांच्यातील समतोल हा महाराष्ट्रात आयात झालेला नवा प्रश्न नसून १८८४ च्या निवेदनापासून त्याची स्पष्ट मांडणी येथे झालेली आहे.
२) कामाच्या वेळेवर टिकाऊ मर्यादा सामूहिक मागणी व कायदा यांमुळेच आली. व्यक्तिगत पातळीवरील उपाय हे बाळगोळी वा पाळीने झोपणे अशा तडजोडींच्या स्वरूपाचे राहिले.
३) प्रत्येक नव्या तंत्रज्ञानाने जुनी सीमा निरर्थक केली आणि नव्या सीमेची गरज निर्माण झाली.
४) घरातील श्रमाच्या वाटणीस हात न लावता केलेल्या सुधारणांचा लाभ स्त्रियांना अपुरा मिळाला व काही वेळा त्यांना हानीही पोहोचली.
५) मिळालेला मोकळा वेळ समाजाच्या सांस्कृतिक व राजकीय जडणघडणीस उपकारक ठरला.

समारोप

वेळेचे नियोजन, आरोग्याची काळजी आणि मनःशांती यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु ज्या दिवसाला शेवटच नाही त्याचे नियोजन करता येत नाही, हे गिरणगावाचा इतिहास सांगतो. लोखंडे यांनी कामगारांना दिवस कसा काटकसरीने वापरावा हे शिकवले नाही. दिवस कोठे संपावा हे मालकांनी मान्य करावे, असा आग्रह धरला. महाविद्यालये, कार्यालये व उद्योग यांत आज समतोलावर जी व्याख्याने व कार्यशाळा होतात, त्यांत या प्रश्नाला स्थान मिळाले पाहिजे. कामाचा दिवस कोठे संपतो, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि तो संपल्यावर घरी सुरू होणाऱ्या दुसऱ्या पाळीवर कोण जाते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच समतोलाची खरी कसोटी लागेल.